पिंपातले क्लोरीन आणि सिरक्याचे गणित

एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये असे त्यांनी लिहिले आहे, म्हणून छापत नाही. मजकूर थोडक्यात असा: नळाला पाणी आले की त्या पिंप भरतात आणि बाटलीवर लिहिल्याप्रमाणे क्लोरीनचे थेंब टाकतात. नळाचे पाणी पुरले नाही तर बोअरचे भरतात, त्यातही तेवढेच थेंब. तरी पावसाळ्यात धाकट्याचे पोट दोनदा बिघडले. शेजारच्या खाला तीच बाटली वापरतात, त्यांच्याकडे कुणाला काही झाले नाही. मग औषध खोटे आहे, की आमचा हात चुकतो? असा त्यांचा सवाल आहे.

मुलाचे पोट नेमके कशाने बिघडले हे आम्हाला इथे बसून सांगता येणार नाही. न धुतलेले हात, उघड्यावरचे खाणे, दुधाची बाटली, कारणे दहा असतात आणि ती शोधणे डॉक्टरांचे काम. पण पत्रातल्या एका वाक्यावर आमची नजर अडकली. पाणी वेगळे आणि थेंब तेवढेच. या एका वाक्यात रसायनशास्त्राचा एक अख्खा धडा आहे. बारावीची मुले तो परीक्षेपुरता पाठ करतात आणि निकालाच्या दिवशी विसरतात. या महिन्यात तोच धडा घेऊ. थोडे गणित येईल, पण दहावीच्या पुढचे नाही.

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आपल्या औरंगाबादेत, पाणी साठवणे कुणाला शिकवावे लागत नाही. पैठणच्या नाथसागरातून पाणी निघते, फारोळ्याच्या केंद्रात शुद्ध होते आणि पन्नासेक किलोमीटरचा प्रवास करून शहरात येते. घरात मात्र ते रोज येत नाही. मध्ये किती दिवस जातील हे वस्तीवर आणि नशिबावर अवलंबून. म्हणून पिंप, सिंटेक्सची टाकी, अंगणातला हौद, भांड्यांच्या उतरंडी. मलिक अंबरने सतराव्या शतकात बांधलेल्या नहरीत पाणी सतत वाहते असे. आज आपण पाणी कोंडून ठेवतो, आणि कोंडलेल्या पाण्याला राखणदार लागतो. तो राखणदार म्हणजे क्लोरीन. खेड्यात ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर, शहरात छोट्या बाटलीतले थेंब. वस्तू वेगळ्या दिसल्या तरी पाण्यात गेल्यावर दोन्हींचे एकच होते: हायपोक्लोरस आम्ल. जंतू मारणारा खरा गडी हाच.

आणि हे आम्ल सौम्य आहे.

‘सौम्य’ या शब्दाने मुले फसतात. सौम्य म्हणजे गरीब स्वभावाचे, निरुपद्रवी, असे त्यांना वाटते. तसे नाही. काचेवर नक्षी कोरायला वापरतात ते हायड्रोफ्लुओरिक आम्ल सौम्य गटातलेच आहे, आणि ते अंगावर सांडले तर हाडापर्यंत इजा करते. सौम्य म्हणजे विरलही नव्हे. विरल म्हणजे पाणी जास्त घातलेले. सौम्य हा त्या आम्लाचा स्वतःचा गुण आहे. पाण्यात गेल्यावर त्याचे सगळे रेणू फुटत नाहीत, काहीच फुटतात. फुटतात म्हणजे रेणूतून हायड्रोजन आयन सुटतो आणि उरलेला भाग ऋण प्रभार घेऊन वेगळा होतो. याला विचरण म्हणतात. बॅटरीतले सल्फ्युरिक किंवा फरशी धुण्याचे हायड्रोक्लोरिक ही तीव्र आम्ले. हायड्रोक्लोरिक पाण्यात पडले की जवळपास सगळे फुटते. सिरक्यातले अॅसेटिक आम्ल मात्र मोजकेच फुटते. उर्दू माध्यमाची मुले आम्लाला ‘तुर्शा’ म्हणतात. तुर्श म्हणजे आंबट. मराठीतल्या ‘आम्ल’चाही अर्थ आंबटच. जिभेला जो आंबटपणा कळतो तो मुख्यत्वे या सुटलेल्या हायड्रोजन आयनांचा.

किती फुटतात, हा प्रश्न. तो मोजायचा कसा?

आधी एवढे ध्यानात घ्यावे की फुटलेले रेणू पुन्हा जुळतही असतात. सिडको बसस्थानकावर दुपारी शंभर माणसे बसलेली दिसतात. तासाने पाहिले तरी शंभरच. पण ती माणसे तीच नसतात. जितकी गेली तितकी आली. द्रावणात असेच चालते, आणि या येण्याजाण्याला एक नियम आहे. सुटलेले हायड्रोजन आयन आणि फुटून उरलेले भाग यांचा गुणाकार करावा, त्याला अखंड रेणूंनी भागावे. ठरलेल्या तापमानाला हे उत्तर त्या आम्लापुरते ठाम राहते. पाणी कमी घाला, जास्त घाला, बदलत नाही. याला विचरण स्थिरांक म्हणतात. अॅसेटिक आम्लाचा स्थिरांक २५ अंश सेल्सिअसला लाखात १.८ आहे. हायपोक्लोरस आम्लाचा दहा कोटीत ३. म्हणजे हे सिरक्यापेक्षाही कितीतरी सौम्य.

हा नियम सहज मान्य झाला नव्हता. मीठ किंवा आम्ल पाण्यात पडले की आपोआप प्रभारित कणांत फुटते, ही कल्पना स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनिअस या तरुणाची. १८८४ साली उप्साला विद्यापीठात तिची पायाभरणी करणारा प्रबंध त्याने मांडला, तेव्हा परीक्षकांनी त्याला जेमतेम पास केले. रीगाहून विल्हेल्म ऑस्टवाल्ड मात्र मुद्दाम त्याला भेटायला गेला. याच ऑस्टवाल्डने १८८८ साली वर सांगितलेला हिशेब विरलतेच्या नियमाच्या रूपात मांडला. जेमतेम पास झालेल्या अऱ्हेनिअसला १९०३ चे नोबेल मिळाले. कमी गुण पडलेल्या मुलांच्या पालकांनी हा परिच्छेद मुलांना वाचून दाखवायला आमची हरकत नाही.

आता सिरका घेऊ. क्लोरीनच्या आधी सिरका, कारण तो स्वयंपाकघरात आहे आणि त्याचे आकडे सोपे आहेत. नान-खलियासोबतच्या कांद्यावर शिंपडतो तोच. चांगल्या सिरक्यात लिटरला सुमारे ५० ग्रॅम अॅसेटिक आम्ल असते. या आम्लाचा एक मोल ६० ग्रॅमचा. (मोल म्हणजे रेणू मोजायचे माप, अंड्यांच्या डझनासारखे, फक्त फार मोठे.) म्हणजे लिटरमध्ये साधारण ०.८३ मोल. दशांशचिन्हामागे शून्यांची रांग लागू नये म्हणून आपण मोलचा एक लाखावा भाग हे आपले एकक धरू. मग बाटलीतल्या सिरक्याची संहती ८३,००० एकके आणि स्थिरांक १.८.

आधी मात्र एक साधे उदाहरण. चार लिटरच्या पातेल्यात एक चहाचा चमचा सिरका टाकला, तर संहती होईल जवळपास १०० एकके. समजा त्यातली क्ष फुटली. मग हायड्रोजन आयन क्ष, उरलेले भागही क्ष, आणि अखंड राहिलेली १०० वजा क्ष. नियमाप्रमाणे क्ष गुणिले क्ष, भागिले (१०० वजा क्ष), बरोबर १.८. तिरकस गुणाकार करून मांडले की होते:

क्ष² + १.८ क्ष = १८०

एवढेच. दहावीचे वर्गसमीकरण. पण याची मांडणी जरा निरखून पाहा. एक वर्ग, अधिक काही पट मूळ, बरोबर एक संख्या. इ.स. ८२० च्या सुमारास, खलिफा अल-मामूनच्या काळात बगदादमध्ये मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी याने जब्र आणि मुकाबल्यावर आपले पुस्तक लिहिले. त्यात त्याने समीकरणांचे सहा प्रकार केले, आणि त्यातला एक नेमका हा आहे. त्याच्याकडे क्ष नव्हता, अधिकचे चिन्हही नव्हते. अज्ञात राशीला तो ‘जज्र’ म्हणजे मूळ म्हणतो, तिच्या वर्गाला ‘माल’. त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे एक माल आणि दहा जज्र मिळून ३९. रीत अशी: दहाचे निम्मे ५, त्याचा वर्ग २५, त्यात ३९ मिळवा, ६४ झाले. त्याचे वर्गमूळ ८. त्यातून ते ५ वजा करा. उत्तर ३.

याच पावलांनी आपले गणित करू. १.८ चे निम्मे ०.९. त्याचा वर्ग ०.८१. त्यात १८० मिळवले, १८०.८१. वर्गमूळ सुमारे १३.४५. त्यातून ०.९ वजा. उरले १२.५५. म्हणजे शंभरातले साडेबारा रेणू फुटले, साडेसत्त्याऐंशी अखंड राहिले. बगदादची बाराशे वर्षांपूर्वीची रीत औरंगाबादच्या पातेल्यातल्या सिरक्याला जशीच्या तशी लागू पडते. सगळे विज्ञान आपल्याच लोकांनी शोधले असे छाती ठोकून सांगणाऱ्यांत आम्ही नाही. वर्गसमीकरण सोडवण्याची रीत भारतात ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच दिली होती, आणि आम्लांचे विचरण ख्वारिज्मीला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण वर्गातल्या एखाद्या मुलाला बीजगणित परके वाटत असेल, तर ‘अल्जिब्रा’ हा शब्द कुठून आला ते त्याला जरूर सांगावे. वही बंद करायच्या बेतात असलेली मुले हे ऐकून ती पुन्हा उघडताना आम्ही पाहिली आहेत.

आता बाटलीतला सिरका. संहती ८३,०००. त्याच रीतीने क्ष येतो ३८६ च्या आसपास. ८३,००० पैकी ३८६, म्हणजे हजारात साडेचार-पाच. एका वाटी सिरक्यात सात-सव्वासात वाट्या पाणी मिसळले तर संहती १०,००० होते आणि क्ष १३३, म्हणजे हजारात तेरा. चार लिटरच्या पातेल्यात तेच प्रमाण हजारात सव्वाशे. पाणी वाढवावे तसे रेणू अधिक प्रमाणात फुटतात. इथे मुले नेहमी विचारतात की मग पाणी घातल्यावर सिरका जास्त आंबट लागायला हवा. नाही. प्रमाण वाढले तरी दर लिटरमागे सुटलेले हायड्रोजन आयन ३८६ वरून १३३ वर आणि तिथून साडेबारावर आले. वाटा मोठा झाला, पण वाटणीचा मालच आटला.

बोर्डाच्या परीक्षेत यासाठी एक आडवाट शिकवतात. अखंड रेणू जवळजवळ सगळेच उरले असे धरायचे आणि स्थिरांक गुणिले संहतीचे वर्गमूळ काढायचे. बाटलीतल्या सिरक्याला ही वाट बिनधोक आहे. पातेल्याला लावली तर १३.४ उत्तर येते, खरे १२.५५. विचरण शंभरात पाचांहून कमी असेल तरच ही वाट धरावी. दहावीपर्यंत मराठीतून किंवा उर्दूतून शिकलेले मूल अकरावीला एकदम इंग्रजीत जाऊन पडते, धडा कळत नाही, म्हणून सूत्र तेवढे घोकते. ते सूत्र कुठे चालत नाही हे त्याला कुणी सांगत नाही. दोष मुलाचा नाही.

इथवरचे सगळे आकडे एका अटीवर खरे आहेत. पाणी शुद्ध हवे. दुकानात बॅटरीसाठी डिस्टिल्ड वॉटर मिळते, तसे. आपल्या पिंपातले पाणी तसे नाही.

मराठवाडा काळ्या पाषाणावर वसला आहे. या खडकातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शिअम, मॅग्नेशिअम आणि बायकार्बोनेट विरघळलेले असतात. बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो, गीझरची कॉइल दोन वर्षांत दगडासारखी होते, हे घरातल्या बायकांना कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा जास्त माहीत आहे. यातले बायकार्बोनेट हायड्रोजन आयन दिसला की गिळते. तोच चमचाभर सिरका चार लिटर बोअरच्या पाण्यात टाकला, तर सुटलेले हायड्रोजन आयन बायकार्बोनेट उचलून नेते. तोल साधायला आणखी रेणू फुटतात, तेही उचलले जातात. शेवटी शंभरातले अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव फुटून जातात. शुद्ध पाण्यात साडेबारा, बोअरच्या पाण्यात अठ्ठ्याण्णव. आम्ल तेच, चमचा तोच, पातेले तेच. स्थिरांक आम्लाचा असतो, पण किती रेणू फुटायचे हे पाणी ठरवते.

क्लोरीनच्या थेंबांचे हेच होते. फक्त इथे फुटणे आपल्याला नको आहे. हायपोक्लोरस आम्लाचा अखंड रेणू प्रभाररहित असतो, तो जंतूच्या आवरणातून सहज आत शिरतो. फुटून उरलेला हायपोक्लोराइट आयन ऋण प्रभाराचा, आणि जंतूचे अंगही बाहेरून ऋण प्रभाराचे. तो दारातच अडतो. जंतू मारण्यात अखंड रेणू त्याच्यापेक्षा कित्येक पटींनी सरस. तेव्हा पिंपात किती क्लोरीन टाकले यापेक्षा त्यातले किती अखंड राहिले हे महत्त्वाचे.

आणि हे काढायला वर्गसमीकरणही लागत नाही. थेंब इतके थोडे असतात की पाण्याची आम्लता त्यांच्याने फारशी हलत नाही, ती पाण्याने आधीच ठरवलेली असते. ती सामूवरून कळते. हे माप १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी आणले. आता एकक घेऊ मोलचा दहा कोटीवा भाग. सामू ७ म्हणजे हायड्रोजन आयन १० एकके, सामू ८ म्हणजे १ एकक. सामू एकाने चढला की आयन दहापट घटतात. हायपोक्लोरस आम्लाचा स्थिरांक याच एककात ३. नियम तोच, फक्त फिरवून लिहायचा. फुटलेले आणि अखंड यांचे गुणोत्तर म्हणजे स्थिरांक भागिले हायड्रोजन आयन.

सामू ७ असेल तर ३ भागिले १०. दहा अखंड असतील तर तीन फुटलेले. तेरातले दहा, म्हणजे शंभरात ७७ कामाचे. सामू ८ असेल तर ३ भागिले १. एक अखंड, तीन फुटलेले. शंभरात २५. सामू साडेसातला निम्मे-निम्मे. साडेआठला हायड्रोजन आयन एककाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे कमी, आणि कामाचे रेणू शंभरात नऊ-दहाच.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ चालतो. म्हणजे दोन्ही टोकांचे पाणी पिण्यास योग्यच. पण एकात टाकलेल्या क्लोरीनपैकी शंभरात ९१ अखंड राहतात आणि दुसऱ्यात जेमतेम दहा. खालांच्या पिंपात नळाचे पाणी आणि पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या पिंपात बोअरचे असेल, तर एकाच बाटलीचे तेवढेच थेंब दोघींकडे सारखे काम करणार नाहीत. औषध खोटे नाही. हातही चुकलेला नाही.

ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी ओटी टेस्ट करतो, थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले की क्लोरीन आहे म्हणतो. तो बरोबरच म्हणतो. मानक सांगते की लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन उरले पाहिजे. पण हा पिवळा रंग अखंड आणि फुटलेले, दोघांचीही मोजदाद एकत्र करतो. दोन घरांत रंग सारखा येईल, आणि राखणदार एका घरी जागा तर दुसऱ्या घरी पेंगत असेल. म्हणून जागतिक आरोग्य संघटना नुसता आकडा सांगत नाही, अटही घालते: लिटरला किमान ०.५ मिलिग्रॅम, निदान अर्धा तास, आणि सामू ८ च्या खाली.

फुटलेले रेणू वाया गेले असेही समजू नये. बसस्थानकाची गोष्ट आठवा. अखंड रेणू जंतूंवर खर्च होऊ लागले की फुटलेल्यांतले काही पुन्हा जुळून त्यांची जागा घेतात. तो साठा आहे. फक्त एका वेळी कामावर असणारे हात कमी, म्हणून वेळ जास्त लागतो. यातूनच घरी करण्याजोगी पहिली गोष्ट निघते. थेंब दुप्पट करण्याआधी वेळ वाढवा. नळाच्या पाण्याला अर्धा तास देत असाल तर बोअरच्या पाण्याला एक-दीड तास द्या. थेंब टाकून लगेच माठ भरणे हा आपल्याकडचा सर्वांत मोठा घोटाळा आहे, मग पाणी कोणतेही असो.

सामू कशाने चढतो तेही सांगून टाकू. नवा बांधलेला सिमेंटचा हौद चुना सोडतो, त्यातले पाणी बरेच दिवस अल्कधर्मी राहते. बोअरचे पाणी वर येते तेव्हा त्यात कार्बन डायऑक्साइड मुरलेला असतो. टाकीत उघडे राहिले की तो उडतो आणि सामू वर सरकतो. हौदात शेवाळ धरले तर ते दिवसा हाच वायू खाते, परिणाम तोच. उघड्या हौदाला दुसराही शाप आहे. उन्हात क्लोरीन झपाट्याने नष्ट होते, त्यातही फुटलेला भाग आधी. मशिदीच्या उघड्या हौदात सकाळी टाकलेली पावडर असरपर्यंत टिकेल या भरवशावर राहू नये. संध्याकाळी टाकावी.

उलट दिशेला नेणारी एक जुनी वस्तू आपल्या प्रत्येक घरात आहे. तुरटी. पावसाळ्यात गढूळ पाण्यात आजी तुरटी फिरवत असे ती गाळ बसावा म्हणून. गाळ बसणे हेच तिचे मुख्य काम, कारण मातीच्या कणांआड दडलेल्या जंतूंपर्यंत क्लोरीन पोहोचत नाही. पण तुरटी पाण्यात विरघळताना हायड्रोजन आयनही सोडते आणि सामू थोडासा उतरवते. कडक पाण्यात फार नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी तुरटी, पाणी निवळू द्यावे, वरचे नितळ पाणी दुसऱ्या भांड्यात घ्यावे, मग क्लोरीन. टीसीएल वापरणाऱ्यांनी तिचा डबा कोरडा आणि घट्ट बंद ठेवावा. ताज्या पावडरीत वजनाच्या एकतृतीयांशाच्या आसपास क्लोरीन असते, पावसाळी हवेत उघडी राहिली तर ते उडून जाते आणि डब्यात चुना तेवढा उरतो. सामू बघायला कागदी पट्ट्या मिळतात, प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानात किंवा मासे पाळण्याचे साहित्य मिळते तिथे. महाग नाहीत. तान्ह्या बाळासाठी आणि आजाऱ्यासाठी मात्र पाणी उकळलेलेच द्यावे, पट्टी काहीही सांगो.

हे वाचून कुणी हुशार गृहस्थ म्हणेल, सामूच उतरवायचा तर क्लोरीनच्या पाण्यात थोडा सिरका किंवा अॅसिड का टाकू नये? गणिताने ते बरोबर दिसते, आणि म्हणूनच इथे जोर देऊन सांगतो. हे करू नका. आम्लता फार वाढली की हायपोक्लोरस आम्ल पाण्यातल्या क्लोराइडशी मिळून क्लोरीन वायू तयार करते. पिंपातल्या चार थेंबांनी कदाचित काही होणार नाही, पण हीच सवय न्हाणीघरात जाते. फरशीवर ब्लीचिंग पावडर पसरलेली असते, डाग जात नाहीत म्हणून वरून टॉयलेट साफ करायचे अॅसिड ओतले जाते, दार बंद असते. डोळे चुरचुरतात, छाती भरून येते, आणि काम करणारी बाई समजते की माल कडक आहे, चांगला आहे. तो वायू फुफ्फुसे जाळतो. ब्लीच आणि अॅसिड एकाच दिवशी एकाच जागी वापरू नये. वापरलेच गेले आणि उग्र वास आला, तर साफसफाई सोडून आधी बाहेर मोकळ्या हवेत यावे, मुलांना बाहेर काढावे, आणि खोकला थांबत नसेल तर दवाखाना गाठावा. घरकामाला येणाऱ्या बाईला हे आपण स्वतः सांगितले पाहिजे. बाटलीवरची बारीक अक्षरे तिने वाचावीत ही अपेक्षा बरोबर नाही.

आता मुलांसाठी, नेहमीप्रमाणे. एका घरी पट्टीवर बोअरच्या पाण्याचा सामू ७.८ निघाला. हायड्रोजन आयन १.६ एकके धरा, स्थिरांक ३. टाकलेल्या क्लोरीनपैकी शंभरात किती रेणू अखंड राहतील? आणि दुसरा प्रश्न: सिरक्याची संहती २५ एकके असेल, स्थिरांक १.८, तर ख्वारिज्मीच्या रीतीने क्ष काढा आणि आडवाटेच्या उत्तराशी ताडून पाहा. उत्तरे रीतीसह पाठवा, मराठीत किंवा उर्दूत. पुढच्या अंकात दोन्ही उत्तरे देऊ.